पाणीवाल्यांचा शिरस्ता

गावात पाणी आणलं ते पाणीवाल्यांच्या आजोबांनी, टाकी बांधली वडिलांनी, आणि पाणीवाल्यांनी स्वतः काय केलं म्हणाल, तर आयुष्यभर ठिगळं लावली. आजोबांची मोठी लाइन आतून पार कुजली होती. एक जोड धरावा तर शेजारचा सुटायचा. पण घरच्या पाणी कंपनीचा शिरस्ता असा, की दिवसा काहीही फुटो, संध्याकाळचं पाणी चुकता कामा नये. तो शिरस्ताच मुळावर आला होता. नवी लाइन मागायला गेलं की नगराध्यक्ष हसायचे, "अहो, नळाला पाणी तर येतंय! तुम्ही असताना आम्हाला कसली चिंता?" डोंबलाचं कौतुक!

पाणीवाल्यांना आता स्वतःचं काही वाटेनासं झालं होतं. गुडघे गेले होते, कंबर धरली होती. जीव तुटायचा तो लेकीसाठी. इंजिनिअर होऊन पोरगी हट्टाने घरच्याच कंपनीत आली होती. नवी लाइन झाली नाही, तर हीसुद्धा जन्मभर त्याच खड्ड्यात उतरत राहणार, या विचाराने त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

म्हणून नगरपालिकेच्या सभेच्या दिवशीच बाजारापाशी लाइन फुटली, तेव्हा त्यांनी मनावर दगड ठेवला. दवाखान्यात टँकर पाठवला आणि माणसांना बजावलं, "आज कुणी हात लावायचा नाही. नळ कोरडे पडू देत, मगच यांचे डोळे उघडतील." लेकीला काही सांगितलं नाही, ती ऐकणारी नव्हती. बरं वाटत नाही असं बायकोला सांगून ते दुपारभर पडून राहिले. झोप कसली येतेय!

संध्याकाळी उठून ते सभेला गेले, तर तिथे नुसता आरडाओरडा चालला होता. घरोघरी बादल्या रिकाम्या, सभासद चिडलेले. नगराध्यक्ष शेवटी वैतागून म्हणाले, "घ्या बाबा नव्या लाइनचा ठराव एकदाचा!" पाणीवाले खुर्चीत पुढे सरकले. हात वर जाऊ लागले, तोच शिपाई धावत आला.

"साहेब, पाणी आलं!"

सगळे हसले. वर गेलेले हात खाली आले. "बघा, उगाच घाबरलो," नगराध्यक्ष म्हणाले, "ठरावाचं पुढच्या वर्षी बघू."

तेवढ्यात डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखलेली लेक दारात उभी राहिली. "बाबा, आई म्हणाली तुम्हाला बरं नाही. माणसं नको नको म्हणत होती, कारण सांगेनात. शेवटी मीच उतरले. शिरस्ता नाही मोडू दिला!"

"वा!" नगराध्यक्षांनी टाळी वाजवली. "म्हणजे आता पुढच्या पिढीचीही काळजी मिटली."

पाणीवाल्यांना ओरडावंसं वाटलं. अगं वेडे, काय करून बसलीस! पण पोरीचा चेहरा नुसता फुलला होता. "शाबास," ते कसेबसे म्हणाले. तिचा तळहात सोलवटला होता. त्यांनी तो हातात घेतला.

"दुखतंय का गं?"

"छे हो बाबा," ती हसली. "होईल सवय."