तिसऱ्या ओळीपर्यंत

"ही काच बरी, की ही?" आजोबांच्या नाकावरच्या जड फ्रेममध्ये भिंग उलटवत तिने विचारलं.

"ही."

"ही म्हणजे पहिली की दुसरी?"

"तुला कुठली बरी वाटते?"

तिने भिंग पेटीत टाकलं. ठेवलं नाही, टाकलंच. चष्म्याच्या या दुकानात डोळे तपासायला लागून तिला दीड वर्ष झालं होतं. मोतीबिंदू काढलेला एकच माणूस दोन महिन्यांत चौथ्यांदा आलेला तिने आजवर पाहिला नव्हता. पहिल्या खेपेला आजोबा वाचताना अडखळले होते. नंतरच्या दोन्ही खेपांना मात्र त्यांनी तक्त्याची शेवटची ओळ धडाधड वाचली, "छान, छान" म्हणत नवा चष्मा नेला आणि आठवड्याभरात तोच चष्मा रुमालात गुंडाळून पुन्हा दारात हजर.

"आजोबांना इथेच कामाला ठेवून घेऊ या," काउंटरमागून मालक म्हणाले. "हेलपाटे तरी वाचतील त्यांचे."

आजोबा हसले. ती हसली नाही.

सकाळपासूनच तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. उद्या चर्चमधल्या उपासनेनंतर तिला मंडळीपुढे पाच मिनिटं बोलायचं होतं: शुभवर्तमानातला एक प्रसंग आणि रोजच्या जगण्यात त्यातून मिळणारा धीर. परस्पर होकार आईने देऊन टाकला होता. प्रसंग आंधळ्याचा. प्रभू त्याच्या डोळ्यांवर हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतं का? तो म्हणतो, माणसं दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. मग प्रभू पुन्हा हात ठेवतो, तेव्हा कुठे त्याला लख्ख दिसतं. चार दिवस ती या प्रसंगापुढे बसली होती. कागदावर एकच ओळ उतरली होती: दोनदा का लागलं?

"यात धीर कसला, आई?" सकाळी निघताना ती वैतागली होती. "प्रयोग पहिल्यांदा फसला, एवढंच कळतं."

"फसला म्हणू नये गं."

"मग काय म्हणू?"

आईने डबा तिच्या हातात कोंबला. "डोळ्यांचं शिकलीस तू. मला काय विचारतेस?"

आता तो कागद पिशवीत होता आणि समोर आजोबा होते.

"माझंच काहीतरी चुकत असेल," आजोबा म्हणाले. "परवा नातीला शाळेतून आणताना रस्ता ओलांडत होतो. गाडी अगदी अंगाशी आली, तरी दिसली नाही. तेव्हापासून सून तिला माझ्याबरोबर पाठवत नाही. तोंडाने काही म्हणत नाही हो. नुसती माझ्याआधी चपला घालून दारात उभी राहते."

"मग इथेच कसं सगळं दिसतं तुम्हाला?" तिचा आवाज चढला. "यंत्र फक्त अंदाज देतं, आजोबा. पुढचा नंबर तुमच्या उत्तरांवर ठरतो. तुम्ही धड सांगत नाही आणि बोलणी मी खाते. वाचा, शेवटची ओळ."

आजोबा ताठ बसले. त्यांनी घसा साफ केला.

"र, घ, ट, म, ल, ण."

कुठेही न अडखळता. तिने लिहायला पेन उचललं, तक्त्याकडे पाहिलं आणि तिचा हात तसाच राहिला. जुना तक्ता पिवळा पडला म्हणून मालकांनी आज सकाळीच नवा लावला होता. नव्याच्या शेवटच्या ओळीत यातलं एकही अक्षर नव्हतं. आजोबांनी म्हटली ती ओळ जुन्या तक्त्यावरची होती, आणि तो तक्ता कपाटामागे भिंतीकडे तोंड करून पडला होता.

तिच्या आत आधी संतापच उसळला. दोन महिने ती नजर तपासत नव्हतीच, पाठांतर तपासत होती.

"चुकलं का?" आजोबांनी हळूच विचारलं.

"ही ओळ पाठ कधी केलीत?"

त्यांनी मांडीवरचा रुमाल उलगडला, परत घडी घातली. "बाहेर बाकावर बसलं की आतलं ऐकू येतं. दहा जणांनी वाचलं की होतंच पाठ."

"पण का?"

"पहिल्या वेळी तू म्हणालीस, 'एवढं मोठं अक्षर दिसत नाही? नीट बघा की.' मागे माणसं खोळंबली होती. म्हटलं, पोरीला कशाला आणखी त्रास."

ते वाक्य तिला आठवलं. सुरासकट आठवलं.

ती नेहमी उभ्यानेच तपासायची. तिने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि त्यांच्याशेजारी बसली. फ्रेममधली सगळी भिंगं एकेक करून काढली. मग आजोबांची खुर्ची काचेच्या दाराकडे वळवली.

"तक्ता राहू दे. रस्त्यावर काय दिसतंय?"

"तिथे आहे काय?"

"ते नका विचारू. दिसतंय काय?"

"रागावणार नाहीस?"

"नाही."

आजोबांनी बराच वेळ पाहिलं. "काहीतरी उंच उभं आहे. खांब असावा." मग ते थोडे पुढे झुकले. "नाही गं. चालायला लागला. माणूस असेल मग."

भिंगांच्या पेटीकडे निघालेला तिचा हात मध्येच थांबला.

"अजून किती वेळ?" मालकांनी विचारलं. "बाकावर तिघं बसलेत."

"लागेल वेळ," ती म्हणाली. "बसू दे त्यांना."

आधीच्या सगळ्या नोंदी निरुपयोगी होत्या. तिने पिशवीतला घडीचा कागद काढला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर आजची तारीख घातली. खुर्ची पुन्हा तक्त्याकडे वळवली. आजोबांनी पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसरीतली दोन अक्षरं चाचपडत ओळखली आणि ते थांबले.

"पुढचं?"

"पुढचं नाही दिसत." आणि ते ओशाळून हसले.

"असंच सांगत राहा." तिने नोंद केली, पहिलं भिंग बसवलं. "आता?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली आणि दुसरं भिंग उचललं.