पाइप काढलेला होता

प्रवचन चालू असतानाच पाऊस आला. चर्चच्या पत्र्यावर थेंब वाजले तशी सगळ्यांची चुळबुळ सुरू झाली. आम्हा फुनाफुती बेटावरच्या लोकांना छतावरून टाकीत पडेल तेवढंच पाणी. पण कोरड्या दिवसांत छतभर पक्ष्यांची शीट साचते. म्हणून टाकीचा पाइप काढून ठेवायचा, पहिलं घाण पाणी वाळूत सोडायचं आणि मगच तो जोडायचा. माझा पाइप काढलेलाच होता, आणि पाद्री इओसेफांचं प्रवचन काही संपेना! मधेच उठले असते तर गावाने नावं ठेवली असती. चांगलं पाणी वाळूत जात होतं आणि मी दातओठ खात बसले होते.

घरी फक्त सासूबाई. सकाळी त्या म्हणाल्या, "गुडघा धरलाय, मी येत नाही." मी फटकन बोलले होते, "नाटकं पुरे, आई!"

शेवटी पाद्रीबाबा म्हणाले, "माझाही पाइप काढलेलाच आहे. आमेन!" आणि सगळ्यांच्या आधी तेच पळाले.

मी धापा टाकत घरी पोचले, तर पाइप जोडलेला. सासूबाई ओल्याचिंब, टाकीला टेकून बसलेल्या. माझा जीव भांड्यात पडला, पण लगेच शंका आली.

"आई, घाण पाणी आधी जाऊ दिलंत ना?"

"ओंजळीत धरून चाखत होते," त्या थुंकून म्हणाल्या. "पक्ष्यांची चव गेली, मग जोडला. आता हात दे, उठव मला. नाटकातला गुडघा खरंच धरलाय."