चाकाखालचा नारळ

ब्राह्मणपुरीचे मगनभाई पाटील कुठल्याही कामाला हजर असत, पण मनाने पुढच्या कामाला गेलेले. कापूस वेचताना त्यांना केळीची काळजी, केळी कापताना उसाची. अठ्ठावन्न साली त्यांच्या लेकीचं, जमनाचं, लग्न लागलं. अक्षता पडत होत्या तेव्हा ते पत्रावळी बघत होते आणि पंगत बसली तेव्हा वऱ्हाडाच्या बैलांना पाणी दाखवत होते. नवरीच्या वेषातली जमना त्यांनी अजून नीट पाहिलीच नव्हती.

पाठवणीला गाडी जुंपली आणि मगनभाई गायब! गाडी तापीच्या पात्रातून जायची होती, ती वाट धड आहे का ते बघायला ते पुढे गेले होते. त्यांच्यावाचून गाडी हलेना. रीत अशी, की बापाने चाकाखाली नारळ ठेवायचा आणि तो फोडूनच गाडीने निघायचं.

ते धापा टाकत परतले, तेव्हा त्यांच्या पत्नीने, तापीबाईंनी, सगळ्या वऱ्हाडासमोर आरती ओवाळली. "पोर जाई ऱ्हायनी, नि तुम्ही नदी देखी ऱ्हायनात?"

मगनभाई चाकाशी उकिडवे बसले. ठेवलेला नारळ घरंगळला. पुन्हा ठेवला, पुन्हा घरंगळला. शेवटी त्यांनी तो हातानेच धरून ठेवला. बोटं चाकाखाली असली की माणसाला उसाची काळजी करता येत नाही. त्यांचं डोकं एकदम रिकामं झालं. त्यांनी वर पाहिलं. जमना गाडीतून वाकून रडत होती, आणि रडता रडता बापाच्या त्या बसण्याला हसतही होती.

"काका, हात काढा, हाकलतो!" गाडीवान ओरडला.

"थांब ना भो," मगनभाई म्हणाले. "घाई काय शे?"