आतल्या बाजूची कडी

मी एक जुना दरवाजा आहे मित्रांनो, आणि सरळ सांगतो, उघडणं हे माझं अर्धंच काम आहे. उरलेलं अर्धं करू द्यावं म्हणून मला भांडावं लागलं.

सुताराने मला सागवानातून घडवलं आणि घराच्या मागच्या अडगळीच्या खोलीला बसवलं. कडी एकच, घराच्या बाजूने. आत ट्रंका आणि मोडक्या खुर्च्या. त्यांना आतून कडी कोण लावून देतो? घरात माझं कौतुक होतं. भिंतीला ओल आली, पण मी कधी वाकलो नाही.

पुढे घराच्या मालकीणबाई मुख्याध्यापिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्या आणि त्यांनी ती खोली भाड्याने द्यायचं ठरवलं. त्यांचा भाचा वकील. त्याने सांगितलं तसं बाईंनी सगळं केलं. नगरपालिकेची परवानगी काढली, आग लागली तर बाहेर पडता येईल एवढी खिडकी पाडली, अंगणातून वेगळी वाट काढली, विजेचा मीटर वेगळा घेतला, रीतसर करार केला. फक्त त्याचं शेवटचं म्हणणं त्यांनी कानाआड केलं. तो म्हणाला होता, "मावशी, मधल्या दरवाजाला तिकडूनही कडी लाव. आणि जाताना विचारून जा." बाई हसल्या. स्वतःच्या घरात विचारायचं कोणाला?

भाडेकरू आली ती बस चालवणारी. पहाटे जायची, दुपारी येऊन झोपायची. बाई नेमक्या दुपारी मला ढकलून आत जायच्या. टपकणारा नळ बंद करायच्या, तिचे बूट जोडीने लावायच्या, गणवेशाची घडी घालायच्या. जन्मभर वर्गावर्गांत डोकावायची सवय, ती कुठे जाणार! मनात वाईट काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण झोपलेलं माणूस दचकून उठायचं, तेही मीच पाहिलं आहे. मला संताप यायचा. मी मुद्दाम कुरकुरायचो. बाईंनी बिजागऱ्यांना तेल घातलं. मी तरीही कुरकुरलो.

एका दुपारी तिने मला खुर्ची टेकवून ठेवली. बाईंनी ढकललं, खुर्ची धाडकन पडली. बाईंचा पारा चढला. घर माझं, दरवाजा माझा, आणि मलाच अडवतेस, असं बरंच काही त्या बोलल्या. खोली रिकामी कर, असंही म्हणाल्या.

ती अंथरुणातून उठली. आवाज चढवला नाही. "खोली सोडणार नाही. करार संपेपर्यंत हे माझंही घर आहे, बाई." मग खिडकीतली एक नवी कोरी कडी उचलून तिने समोर धरली. "ही आले त्याच आठवड्यात आणली."

"मग ठोकली का नाहीस?"

"दरवाजा तुमचा आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय कशी ठोकणार?"

बाई त्या कडीकडे बघत राहिल्या. मग कडी घेऊन निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सुतार आला. स्क्रू माझ्या अंगात शिरले तेव्हा दुखलं, खोटं कशाला बोलू? पण एवढा ताठ मी नवा असतानाही उभा नव्हतो.

त्यानंतरच्या दुपारी सवयीने बाईंचा हात माझ्यावर पडला. मी हललो नाही. त्यांनी पुन्हा ढकललं. मी तसाच. आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला ठोठावलं.

"कोण?" आतून प्रश्न आला.

स्वतःच्याच घरात हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. "मी आहे गं. येऊ का?"

"आत्ता नको, बाई. झोपलेय. संध्याकाळी या."

बाई परत गेल्या. मित्रांनो, त्या दुपारी ती मनसोक्त झोपली आणि मी पहारा दिला.

तुम्हाला एकच विनंती आहे. मला रंग द्या न द्या, तेल घाला न घाला, पण ढकलण्याआधी ठोठावा, मग घर कोणाचंही असो. संध्याकाळी बाई आल्या, त्यांनी ठोठावलं, आणि या वेळी मी आतून उघडलो. कुरकुरलो नाही.