बोग्नाने खोडायचं वाक्य

दुपारी चार वाजता पोलंडमधल्या लुब्लिनमध्ये स्तंभलेखिका बोग्ना व्हिल्क हिच्याकडे तिचीच मुलाखत मंजुरीसाठी आली. मुलाखत देणाऱ्याला छपाईआधी आपलं बोलणं खोडता येतं, ही इथली रीत. बोग्नाने आपल्या स्तंभात या रीतीची वर्षानुवर्षं टिंगल केली होती.

धाकट्या भावाने, लेशेकने, एका वाक्यावर बोट ठेवलं : ‘माझा भाऊ पिऊन जिन्यातच झोपायचा.’

“ताई, कधीच सोडली मी. आत्ता कुठे शाळेच्या बसवर चालक म्हणून लागलोय. खोड ना.”

तिने मुलाखत घेणाऱ्या वार्ताहराला फोन लावला.

“बाई, खोडणारे भित्रे, असं तुम्हीच लिहिलंत ना?” तो हसला. “बघा बुवा, सहा वाजता पान छपाईला जातं.”

पावणेसहाला वाक्य तिथेच होतं, आणि लेशेकही.