धोंडुबाईच्या वालाची तपासणी

त्र्याण्णव साली गागोद्यात आमच्या धोंडुबाई काकीचा वाल अर्धाच उगवला. उरलेला अर्धा डब्यातल्या भुंग्यांनी आधीच जेवून घेतला होता. शेताला टक्कल पडलं. काकी म्हणाली, "पुढल्या सालीही असंच झालं, तर वालच बंद."

मार्चमध्ये पेणहून शेतकी साहेब आले. "बियाणं कडक सुकवा, गार होऊ द्या, किलोला चिमूटभर लाल तिखट चोळा आणि डबा घट्ट लावा. अधूनमधून मूठभर भिजवून मोड येतात का बघा."

काकीने दहा किलोंना तिखट चोळलं. शेताला आठ लागतात.

आषाढात पहिली तपासणी झाली. शंभर दाण्यांपैकी सत्त्याण्णवांना मोड आले. आता मोड आलेला वाल टाकतं कोण? सोलून बिरडं केलं. तिखट वेगळं घालावं लागलं नाही, असं काकीचं म्हणणं.

शेजारच्या गुणाजीला हे खरं वाटेना. त्याच्यासाठी अर्धा किलो भिजला. दोनदा वाढून घेऊन तो म्हणाला, "वयनी, अजून खात्री नाय पटत." गणपतीत आणखी दीड किलो पाहुण्यांची खात्री पटवण्यात गेला.

पेरणीच्या सकाळी मी डब्यातल्या वालाचं वजन केलं.

"काकी, सातच किलो हायत."

"पन उगवतात ना?"

"व्हय. पोटात."

आठवा किलो मोड काढून फडक्यात बसला होता, कारण रोह्याहून काकीची बहीण ठमाबाई तपासणीला यायची होती. ती आली, हातपाय धुऊन पाटावर बसली. काकीने डब्याकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं, आणि दोन्ही उचललं.

"ऊठ गो ठमा, शेतावर चल."

"मी जेवायला आलेय."

"जे जेवणार होतीस, तेच टोचायचंय."

ठमाबाईने मोडाचे दाणे एकेक करून जमिनीत टोचले. ती प्रत्येकाकडे मुलगी सासरी पाठवल्यासारखं बघत होती.

शेत भरून उगवलं. ठमाबाईच्या ओळी तर बाकीच्यांच्या आधी वर आल्या. डिसेंबरात तिचं कार्ड आलं: माझ्या ओळींतल्या शेंगा मडक्यात भाजून पोपटी कधी लावताय?

काकीने माझ्याकडून उत्तर लिहून घेतलं: "जानेवारीत ये. मडकं घेऊन ये. बांधाकडच्या चार ओळी बियाण्याच्या हायत, त्यांना हात लावणार नाय, असं आधी लिहून दे. गुणाजीने दिलंय."