डोळ्यांवरची काळी पट्टी

"मॅडम, तुमचा लेख वाचून ज्या डॉक्टरांनी त्याचा दाखला दिला, त्यातल्या किती जणांनी बिबट्या बघितलाय?"

वृषालीने विचारलं आणि ओतूरच्या त्या शाळेचा अख्खा हॉल खदखदला. शेजारी बसलेल्या मैत्रिणीने, संस्कृतीने, तोंडात ओढणी कोंबली. पैज तिचीच होती, विचारलंस तर एसटी स्टँडजवळची मिसळ माझ्याकडून. मुख्याध्यापकांनी डोळे वटारले. आत्ताच तर त्यांनी शाल-नारळ देऊन डॉ. लतिका पडवळांचे गोडवे गायले होते. महाळुंगे पडवळ गावची लेक, पुण्यात मोठी सर्जन, शोधनिबंधांची थप्पी नावावर. त्यातला बिबट्याच्या जखमा कशा शिवाव्यात हा निबंध तर एवढा गाजला, की परदेशातले डॉक्टरसुद्धा आपल्या लेखात त्याचा हवाला देतात. याला सायटेशन म्हणतात म्हणे, आणि ज्याची सायटेशनं जास्त त्याचा दबदबा मोठा.

मॅडम मात्र रागावल्या नाहीत. "मीसुद्धा नाही बघितला गं. मी फक्त त्याचे दात कुठे लागले ते बघितलंय."

मॅडमनी पडद्यावर फोटो लावला. लेखातली तिसरी केस, आठ वर्षांची मुलगी, कानामागून गळ्यापर्यंत टाके. ओळख पटू नये म्हणून डोळ्यांवर काळी पट्टी.

वृषालीचं लक्ष मानेकडे गेलंच नाही. ते गेलं फोटोतल्या मनगटाकडे. तिथे काळ्या लोकरीचा दोरा होता आणि त्यावर पांढरी चिकटपट्टी. यमाजी आजोबांनी मेंढीची लोकर वळून बांधलेला दोरा. तो कापायचा नाही म्हणून आजोबा ऑपरेशन थिएटरच्या दारात आडवे झाले, शेवटी डॉक्टरांनी हार मानून वरून पट्टी चिकटवली, ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगून झाली होती की कोकरांनाही पाठ असावी. दोरा आता विटला होता, पण अजून होता, वृषालीच्याच हाताला.

मॅडम सांगत होत्या, "हिचं पुढे काय झालं मला कळलं नाही. काही महिन्यांनी हिच्या घरची माणसं तपासणीला यायची थांबली. मी तसंच लिहिलं, पुढची माहिती नाही. आता जो तो तेच वाक्य उचलतो. जिथे जिथे दाखला, तिथे तिथे ही मुलगी बेपत्ता."

का थांबली, ते वृषालीला ठाऊक होतं. दिवाळीनंतर मेंढरं कोकणात उतरली, त्यांच्यामागे घर उतरलं. परत आल्यावर आईने ठरवलं, आता दवाखाना बास. मानेला स्टोल आला. उन्हाळा असो की गॅदरिंग, स्टोल काही सुटला नाही.

वृषाली उठली. स्टोल काढून बाकावर टाकला.

"मॅडम, मी बेपत्ता नाय. मी धाव्वी 'ब'मधी हाय."

या वेळी कुणी हसलं नाही. मॅडम स्टेजवरून खाली आल्या. हात लावू का, असं विचारून त्यांनी वण चाचपला, मान डावीकडे वळवायला लावली, मग उजवीकडे.

"इकडे ओढतंय?"

"लई ओढतंय. लहानपणी नव्हतं."

मॅडम तिथेच, सगळ्यांसमोर म्हणाल्या, की वाढत्या अंगाला ते टाके पुरले नाहीत, म्हणजे त्यांचा लेख अर्धाच होता. आणि जगभर तोच अर्धा लेख वाचून पोरांना टाके पडतायत. वृषालीची मान पुन्हा तपासली तर उरलेला अर्धा लिहिता येईल. मात्र वय लहान, आईवडिलांची संमती हवी.

एसटीच्या आधी बातमी वस्तीवर पोचली होती. आई दारातच उभी. समद्या शाळेम्होरं मान उघडी केलीस, उद्या पावणं बघायला आले की काय सांगू, बिबट्यानं धरलेली पोर हाय म्हणून? एवढं झाकलं ते मातीत घातलंस. वडील, म्हणजे आबा, कोकराला बाटलीने दूध पाजत होते. ते नेहमीसारखे आईच्या बाजूने गप्प होते.

वृषालीने सगळं ऐकून घेतलं. मग दप्तरातून स्टोल काढला, घडी घातली आणि आबांच्या पुढ्यात ठेवला.

"आबा, आई, रविवारी मॅडम घोडेगावला पेशंट तपासायला येनार हायत. मी मान दाखवायला जानार. सही तुमची लागती, म्हणून तुमी बी येनार. धरलं बिबट्यानं, लाज मला कशाला? नव्या लेखात माझा फोटो येईल, आन् त्यात डोळ्यांवर पट्टी नको, हे मी मॅडमला सांगितलंय. त्या म्हनल्या, अठराची झालीस की ठरव. माझं आत्ताच ठरलंय. स्टोल कोकराला अंथरा, त्याला थंडी वाजती."